ओवीतला गोरा भाचा

आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलं आणि मी सोमवारी दुपारी कोइमतूरहून गाडीत बसलो. रिझर्व्हेशन नव्हतं. मामा म्हणाले, "दोन दिस थांब, तत्काळमधी मिळंल." मला थांबवेना. फोनवर आत्येभावानं एवढंच सांगितलं होतं, की गाठ काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो. आवाज राहील की जाईल हे डॉक्टरांनाही आत्ता सांगता येत नाही. जिवाला मात्र धोका नाही. हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण पाठोपाठ दुसरा विचार आला. त्याची लाज वाटली तरी तो जाईना. आत्याचा आवाज गेला, तर माझे वडील कुठं राहणार?

हे नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर वेड्यासारखं वाटेल.

मी चार वर्षांचा असताना वडील, आमचे अण्णा, लढाईत गेले, वर बर्फात. आमचं गाव म्हसवडपासून जवळच, माळावरचं. तिथं घरटी एक माणूस फौजेत असतोच, आमच्या घरातून ते गेले. मला त्यांचा चेहरा आठवतो तो फोटोतला. आवाज आठवत नाही. त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकच आठवण माझ्याकडं होती. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघालाय, गुलाल उधळतोय, खोबऱ्याचे तुकडे डोक्यावर पडताहेत, चांगभलंचा गजर चाललाय आणि मी वडिलांच्या खांद्यावर बसलोय. माझ्या घोट्याला त्यांच्या हाताची पकड आहे. गुलाल डोळ्यांत जातोय म्हणून मी त्यांच्या केसांत तोंड खुपसलंय.

या आठवणीला आत्याची ओवी चिकटलेली होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, इस्लामपूरकडं उसाच्या घरात दिलेली. दिवाळीला माहेरी आली की घरात गिरणीचं पीठ असतानाही पुरणाची डाळ ती हौसेनं जात्यावर भरडायची आणि मी तिच्या मांडीला डोकं लावून पडायचो. देवाची ओवी व्हायची, आईबापाची व्हायची, मग भावाची. मी तिचीच वाट बघत असायचो.

गुलालाची गर्दी, रथाच्या गं मोरं
बंधूच्या खांद्यावरी, भाचं माझं गोरं

बंधू म्हणजे माझे वडील, भाचं म्हणजे मी. एवढ्या दोन ओळींत मला बाप होता.

शाळेत दुसरी कविता होती. आमच्या गुरुजींनी वडिलांवर केलेली. मनापासून केली होती त्यांनी, आणि पुढं तिच्यातल्या चार ओळी गावच्या कमानीवर कोरल्या गेल्या. त्या कवितेत वडील वाघ होते आणि मी बछडा. झेंडावंदनाला सगळी शाळा मैदानात मांडी घालून बसायची, मला आणि आईला मात्र खुर्च्या. पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि शेवटच्या कडव्याला सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळायच्या. दुसऱ्या दिवशी हेच सगळे, "ए बछड्या, डरकाळी फोड की," म्हणून दप्तर ओढायचे. गणितात नापास झालो की नवीन मास्तर म्हणायचे, "कुणाचा मुलगा तू, आणि त्रैराशिक येत नाही?" त्या कवितेतल्या वडिलांना रुंद छाती होती, पण खांदा नव्हता. मला त्या बापाची भीती वाटायची. आठवीत असताना मामा सुट्टीला गावी आले होते, त्यांना म्हणालो, मला तुमच्याबरोबर न्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. आजही त्याबद्दल त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

मामांचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम, आमच्या भागातली माणसं साऱ्या देशभर हेच करतात. भट्टी, मूस, तेजाबाचा वास. तमिळ शिकलो, हातावर डाग पडले, पोटाला मिळालं, लग्न झालं. तिथं मी कुणाचा बछडा नाही. दुकान उघडायच्या आधी भट्टी पेटवताना मात्र ती ओवी रोज तोंडात यायची. मोठ्यानं नाही, आतल्या आत. दिवसाची सुरुवात कुणाचातरी मुलगा म्हणून व्हायची. बरं वाटायचं.

तर मी मिरजेला उतरलो आणि तसाच सांगलीत विश्रामबागला आत्येभावाच्या फ्लॅटवर गेलो. तो तिथल्याच एका ऑफिसात नोकरीला आहे. आत्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, गळ्याला मफलर. मला बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आलास? लय वाळलास रं. तिकडं नुसता भात घालत्यात व्हय?"

मी जेवलो, चहा घेतला, आणि अगदी सहज विचारतोय असं दाखवत म्हणालो, "आत्या, ती रथाची ओवी म्हण की. मोबाईलमध्ये घेतो."

"कुठली?"

"गुलालाची गर्दी."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "येईना बग."

"येईना म्हणजे? विसरलीस?"

"इसरंल कशाला? हात रिकामा हाय न्हवं. जात्याचा खुट्टा हातात असल्याबिगर ओवी येत न्हाई. ती काय गानं हाय व्हय रेडूवरचं?"

वहिनी, आत्येभावाची बायको, हसल्या. "आवं आत्या, मिक्सर लावू का?"

"लाव. त्याच्यावर तूच म्हन."

मला हसू आलं नाही. मी ओवीची पहिली ओळ म्हणून दाखवली, तिला सुरुवात करून दिली, गुडघ्यावर तळहात गोल फिरवायला सांगितला. तिनं फिरवला, दोन शब्द म्हणाली आणि हात थांबवला. "लाज वाटाय लागलीया बाबा. खुळ्यावानी दिसतंय." परवा ऑपरेशन. मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो. आत्येभाऊ म्हणाला, "अरे बस की. का येरझाऱ्या घालतोयस?" मी म्हणालो, "मोटरसायकलची किल्ली दे."

इस्लामपूरकडं आत्याच्या घरी जातं असणार, असा माझा हिशोब. आता तिथं भाडेकरू राहतात. जातं होतं, पण दोन ठिकाणी होतं. वरचा दगड न्हाणीबाहेर नळाखाली धुणं धुवायला सिमेंटात पक्का बसवलेला, खालचा मागच्या दाराची पायरी झालेला. भाडेकरीण बाई साबणाचा हात पुसत म्हणाल्या, "फोडून न्यायचा म्हणताय? मग मी धुणं कशावर धुवू?" बरोबरच होतं त्यांचं. मी हात जोडले आणि परत फिरलो. रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो, तर अक्षरशः रडू यायला लागलं. चांगला कर्ता माणूस मी, जात्यासाठी रडतोय.

सांगलीत शिरताना मंडपवाल्याची पाटी दिसली आणि एकदम आठवलं: आता हळदी समारंभाला जाती भाड्यानं मिळतात. दुकानात कमानी, खुर्च्यांचे गठ्ठे, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, आणि कोपऱ्यात खरंच एक जातं. पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवलेलं, वर पांढरी नक्षी, खुंट्याला गोंडा.

"हळद कुणाची?" मालकानं विचारलं.

"हळद नाही. आत्याला गाणं म्हणायचंय."

त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं. "जातं एकटं देत न्हाई ओ. सूप, मुसळ, दुरडी, असा सेट हाय."

"द्या सेट."

"आन ते फोटोपुरतं हाय. दळायला जाल तर दळत न्हाई, आधीच सांगून ठेवतो."

मोटरसायकल दुकानापाशीच ठेवली. रिक्षात एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जातं, मांडीवर सूप. लिफ्टमध्ये एक आजोबा म्हणाले, "अभिनंदन."

जातं बघून आत्या हसून हसून खोकली. "ह्ये काय रं? बाशिंग बांधायचं ऱ्हायलंय." पण हात लावला. वरच्या दगडाच्या पोटावरनं बोट फिरवलं. "टाकी लावल्याली न्हाई. गुळगुळीत हाय. कणी बी निघायची न्हाई ह्येच्यातनं." तरी खाली बसायचं म्हणाली. गुडघे धरतात म्हणून आम्ही दोघांनी धरून तिला भिंतीला टेकवून बसवली. मग म्हणाली, दाणं आना, रिकामं जातं फिरवत न्हाईत. वहिनींनी तांदूळ आणले. मग म्हणाली, समोर कोण? एकटीच्यानं फिरायचं नाही.

समोर मी बसलो. आमच्याकडं गडीमाणूस जात्यावर बसत नाही. आत्येभाऊ दारातून म्हणाला, "गड्या, शोभतोयस." मोबाईल जात्याशेजारी ठेवला, बटण दाबलं. खुंट्यावर तिचा हात, त्याच्यावर माझा.

दगड फिरला आणि आवाज आला. फाटका, पण आला. देवाची झाली. आईची झाली. मग तिनं खुंट्यावरचा हात जरा घट्ट केला.

गुलालाची गर्दी, रथाच्या गं मोरं
मामाच्या खांद्यावरी, लेकरू माझं गोरं

माझा हात थांबला. "आत्या, चुकलीस. बंधूच्या खांद्यावरी. भाचं."

"चुकतीया कशाला? ही माज्या आईची. तिच्या भावानं खांद्यावर घेतलं हुतं…" ती थांबली, हसली. "माज्या बंधूला. तुज्या बापाला. आईनं तिच्या भावाला लावली, म्या माज्या भावाला लावली. आजी बी म्हनायची. तिची अजून निराळी."

"म्हणजे ती आमची नाही?"

"सगळ्यांची हाय की. नातं तेवढं बदलायचं."

"पण अण्णांनी मला खांद्यावर घेतलं होतं. रथाला."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा बघून ती जपून बोलतेय हे मला कळलं, आणि तेच मला नको होतं. "असंल की," ती म्हणाली.

"असंल म्हणजे?"

"आरं, म्या सासरी. मला काय ठावं? लेकरा, ओवीत जत्रा असली की खांदा असतोय, आन खांदा असला की त्याच्यावर पोरगं असतंय. आन तू कवा गोरा हुतास, सांग की?"

वहिनी पदराआड हसल्या. खरंच होतं. मी तव्यासारखा काळा. लहानपणी त्यावरून किती चिडवून घेतलं, पण ओवीतलं गोरं पोर मी नसेन असं एकदाही मनात आलं नव्हतं.

"ओवीतली भाची समदी गोरीच असत्यात," आत्या म्हणाली.

मी गच्चीवर जाऊन आईला फोन लावला. आई गावीच असते.

"आई, अण्णांनी मला रथाला नेलं होतं का?"

"ह्ये काय मधीच? जेवलास का?"

"जेवलो. सांग की."

"न्हाई बा. रथाच्या वक्ताला त्येंला कवाच सुट्टी मिळाली न्हाई."

"मग मी खांद्यावर होतो ते?"

"जत्रंत लेकरं कुनाच्याबी खांद्यावर असत्यात. तुजा चुलता असंल, मामा असंल."

"मग त्यांनी मला कधी उचललं?"

फोनमध्ये मागं कोंबड्या ओरडत होत्या. आई म्हणाली, "तू जायचास कुटं त्येंच्याकडं? मिशा बघून बोंबलायचास. शेवटच्या सुट्टीला आले तवा तू समदी सुट्टी दाराआड काढलीस. ते अंगनात बाजंवर बसायचे बिस्कीट धरून. ये की रं, ये की रं. तू न्हाई म्हंजे न्हाई."

"मग शेवटी?"

"शेवटी काय? जायच्या दिशी बिस्कीट उंबऱ्यावर ठिवलं आन गेले. ते वळनावर गेल्यावर तू भाईर येऊन खाल्लंस."

"इतकी वर्षं सांगितलं नाहीस."

"तू इचारलं न्हाईस. आन तू समद्या गावाला रथाचं सांगत फिरायचास, लय खुशीत. कशाला मोडायचं म्हनलं."

त्या संध्याकाळी मी विश्रामबागेत नुसता चालत राहिलो. कॉलेजची पोरं, वडापावच्या गाड्या, क्लासच्या पाट्या. चालता चालता मामांना फोन केला, विचारलं, मला रथाला खांद्यावर तुम्ही घेतलं होतं का. ते भट्टीपाशी होते, भात्याचा आवाज येत होता. "घेतलं बी असंल. लय पोरं घेतल्यात. कुनाचा का खांदा असंना, पडला न्हाईस न्हवं?" मी म्हणालो, नाही पडलो. "मग झालं," म्हणाले आणि चांदीचा भाव सांगायला लागले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी कधीपासून एका हातानं स्वतःचंच मनगट घट्ट धरून चालतोय.

वाईट कशाचं वाटत होतं, तेच धड कळेना. बाप खोटा नव्हता. उलट आईनं दिला तो जास्त खरा होता: बाजेवर बसलेला, हात पुढं केलेला. पण त्या बापाकडं मी गेलो नव्हतो. आणि हा बाप मला एका फोनपुरता मिळाला होता. तो मी उद्या विसरलो तर? भट्टी पेटवताना तोंडात काय येणार? ओवी नुसती गोड नसते, ती टिकते. आठवण तशी टिकत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, त्या दिवशी चालताना कळलं.

गुरुवारी सकाळी आत्याला सगळं सांगितलं. तिला दुपारनंतर ॲडमिट व्हायचं होतं, जातं संध्याकाळी परत द्यायचं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "बुजायचास लय. बंधूनं मला पत्रात लिवलं हुतं. पोरगं वळख देईना म्हनून."

"मग त्याची ओवी का नाही केलीस?"

"त्याची कसली ओवी? भावाचं मन दुखल्यालं ओवीत घालत न्हाईत. ओवीत म्हायेर भरल्यालं लागतंय."

"मला पाहिजे."

"खुळा हायस का? ऐकून रडशील."

"रडंन."

मी असं आमच्या बोलीत कधी बोलत नाही आता. तीही चमकली. थोडा वेळ मफलरची दशी ओढत बसली. मग म्हणाली, "धर मला. खाली बसव."

दाणे टाकले, मोबाईल पुन्हा जात्याशेजारी लावला. दगड फिरायला लागला. ती नुसती फिरवत राहिली, ओठ हलत होते, आवाज नाही. एकदा म्हणाली, "सुट्टीवर आला बंधू," आणि थांबली. पुढं जमेना. पुन्हा फिरवलं. "भाचा माझा सावळा…"

"सावळा छान वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"गप गं. काळा हाय त्यो."

मग एका दमात, फाटक्या आवाजात, आली.

सुट्टीवर आला बंधू, बसला गं अंगनी
भाचा माझा काळा, बघतो दाराआडनी

परत म्हणाली. परत. जात्यातून तांदूळ जसेच्या तसे बाहेर पडत होते. मी रडलो, तसं ती म्हणाली होतीच. तिनं माझ्या हाताखालचा हात काढून घेतला नाही. म्हणाली, "बिस्कीट बसंना. निराळी करावी लागंल त्याची." आणि घड्याळाकडं बघून उठायला बघू लागली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर बसून मी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग कानाला लावलं. मोबाईल दगडाला चिकटून ठेवलेला. घर्रर्र, घर्रर्र, एवढंच. आत कुठंतरी बाईमाणूस काहीतरी म्हणतंय इतकंच कळत होतं. आत्येभावानं ऐकलं आणि म्हणाला, "कुणीतरी साफ करून देतं हे आजकाल." देतही असतील. पण त्या बाकावर मला एकच सुचलं: नवी ओवी म्हणत राहायची. डॉक्टर बाहेर आले तोवर ओठ सुकले होते. सगळं व्यवस्थित झालं, म्हणाले, आवाजाचं बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात भेटू दिलं. गळ्याला पट्टी, नाकात नळी. बोलायची बंदी होती आणि तिनं नर्सची नजर चुकवून बोलून बघितलं तर नुसती हवा आली. ती घाबरली नाही, पण डोळे माझ्यावरून हलेनात. मी खुर्ची ओढून बसलो. हळू आवाजात ओवी म्हणायला लागलो.

"सुट्टीवर आला बंधू, बसला गं अंगनी. भाचा माझा काळा, आला गं धावूनी."

तिनं गादीवर चापट मारली.

मला वाटलं दुखतंय. "नर्सला बोलवू?"

तिनं मान हलवली आणि पुन्हा चापट. शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, "आवं, तुमचं काहीतरी चुकलंय वाटतं." मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच तोंडातून आलं, धावूनी, आणि या वेळी माझं मलाच ऐकू आलं. छान बसत होतं. इतकं छान, की कालपासून बाकावर मी तसंच म्हणत होतो की काय, कुणास ठाऊक. काळं पोरगं अंगणातून धावत सुटलंय आणि बाजेवरच्या माणसानं हात पसरलेत, हे मला दिसायलाही लागलं होतं.

"दाराआडनी," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटून मान हलवली. पुढं, असा हात केला. मी पूर्ण म्हटलं. परत, असा हात केला. पुन्हा म्हटलं. शेजारची बाईही ओठांत म्हणायला लागली. नर्सनं येऊन सांगितलं, मोठ्यानं नको, तर आत्यानं तिलाच हातानं थांबवलं.

दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. मिरजेला जाताना रिक्षात, मग फलाटावर, मग खिडकीपाशी बसल्यावर मी म्हणत राहिलो, आणि दर थोड्या वेळानं ते पोरगं दारातून सुटून अंगणाकडं पळत होतं. दर खेपेला मी त्याला धरून परत दाराआड नेऊन उभं करत होतो.